सागवानावर पेंट

बाबा, या आठवड्यात मी तुमची सागवानी दारं घासली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यावरचं व्हार्निश आरशासारखं होतं, कारण आई ती अजून दर शनिवारी पुसत होती. लग्नाच्या एका वाढदिवसाला तुम्ही तिला साडीऐवजी मऊ पिवळी फडकी आणली होतीत, तेव्हापासून लागलेली सवय. रंगाच्या दुकानातला कानडी माणूस म्हणाला, "अय्यो अक्का, सागवानावर पेंट? पाप लागेल." मी म्हटलं, "लागू दे." हे ऐकायला तुम्ही असायला हवे होतात. तुम्ही असावंत असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मारतहळ्ळीत घर बांधलंत तेव्हा कारखान्यातले तुमचे सहकारी खास दारं बघायला यायचे. पुढे कुकरच्या वाफेनं स्वयंपाकघराच्या दारावर पांढुरका डाग आला आणि तुम्ही गॅसच उचलून मागच्या युटिलिटीत नेलात, जिथे भांडी घासतात, कपडे वाळतात. आईनं आयुष्य तिथे काढलं. पावसाची झड आत येते आहे आणि ती एका हातानं छत्री धरून फोडणी देते आहे, हे मला आत्ताही दिसतं. मी दहावीत आहे. दारावर वेळापत्रक चिकटवलंय. तुम्ही ते ओढून काढता आणि चिकटपट्टीबरोबर व्हार्निशची खपली निघते. घरात पाहुणे आहेत. त्यांच्यादेखत तुम्ही मला त्या दारासमोर उभं करता. "या दाराला किंमत आहे," तुम्ही म्हणता, "तुझी अजून ठरायची आहे." पाहुणे हसतात. आईला काही ऐकू गेलेलं नाही, ती बाहेर त्यांच्यासाठी पुऱ्या तळते आहे.

तुम्ही गेल्यावर तरी गॅस आत येईल असं वाटलं होतं. आला नाही. आई म्हणायची, सवय झाली आता. यंदाच्या थंडीत तिचा खोकला छातीत उतरला, डॉक्टरांनी वाऱ्यात उभं राहायचं नाही असं बजावलं, तेव्हा मी शेगडी आत आणून जोडून घेतली. तर ती कुकर उचलून पुन्हा बाहेर निघाली. "वाफेनं दार जाईल गं." त्याच दिवशी ठरवलं, तुमचं दार आता उरू द्यायचं नाही.

मुठी आणि कड्या काढल्या. सोड्याच्या गरम पाण्यानं दारं धुतली, म्हणजे हातांचा तेलकटपणा निघतो. मग पॉलिश पेपर. व्हार्निश सगळं खरवडायची गरज नसते, वरची चमक मारली की प्रायमर धरतो. मी गरजेपेक्षा जास्त घासलं. वेळापत्रकाच्या जागी तर लाकूड उघडं पडेपर्यंत. खांदा भरून आला, तरी थांबवेना. आई मास्क लावून लांब खुर्चीत बसली होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "त्या कोपऱ्यात राहिलंय बघ स्वल्प," आणि उठून, पेपरचा एक तुकडा घेऊन, स्वतःच घासायला लागली. आधी पुसल्यासारखं, मग दातओठ खाऊन. या घरात आम्हा दोघींना एकत्र इतका आनंद कधी झाला नव्हता.

काल दुपारी भुकटी पुसून पांढऱ्या प्रायमरचा पहिला हात दिला. दारं ओळखू येईनात. वाळलं का बघायला आईनं बोट पुढे केलं. "हात लावू नकोस!" मी ओरडले. ती दचकली, हात पोटाशी घेऊन भिंतीला टेकली. मी माफी मागायला हवी होती. मी ब्रश चालवत राहिले. जरा वेळानं ती म्हणाली, "सरी, ठीक आहे," आणि आत निघून गेली.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. उद्या निळा रंग लागेल. ज्याला तुम्ही दवाखान्याचा रंग म्हणायचात तोच, आईनं निवडलेला. हे सगळं तुमच्या फोटोपुढे उभं राहून मोठ्यानं वाचायचं ठरवलं होतं, आईलाही ऐकू जावं म्हणून. आता वाचणार नाही. कारण ती दचकली तेव्हा, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं.