खळ्यावरची मूठ

लोणावळा,
रविवार, ११ नोव्हेंबर १९७३

सौ. चंपावती सोहोनी हिस,
यमुना करंदीकर हिचा सप्रेम नमस्कार.

मिरजेत तुम्ही सर्व मंडळी सुखरूप असाल. तुझा पत्ता इथल्या रेल्वेच्या कचेरीतून मिळवला. कारकुनाने तो इतक्या गबाळ्या अक्षरात लिहून दिला, की मला त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावा लागला. मधल्या अकरा वर्षे नऊ महिन्यांत आपला पत्रव्यवहार राहून गेला. श्री. सोहोनींची बदली झाली, माझ्यामागे कॉलेजच्या परीक्षा लागल्या. कारणे शोधत बसण्यात अर्थ नाही.

पत्राचे प्रयोजन असे. वडिवळ्याच्या खळ्यावरच्या गाण्याला येत्या माघात पंचवीस वर्षे होतात. त्यावर अर्ध्या तासाचा एक अनुबोधपट काढावा, असे आम्ही श्रोत्यांनी ठरवले आहे. 'आम्ही' म्हणजे तूर्त मी आणि बाजारपेठेतला फोटोवाला बाजीराव. त्याने एका पारशी बंगलेवाल्याकडून आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला आहे. गाण्यातले त्याला काही कळत नाही आणि लग्ने टिपून टिपून त्याचा हात बिघडला आहे. जो दिसेल त्याच्या चेहऱ्याला तो भिडतो. म्हणून मी बासष्ट दृश्यांची यादी सेकंदांसह करून दिली. ती वाचून तो म्हणाला, "बाई, मुलगी बघायच्या आधीच तुम्ही वरात लिहून काढलीत." मी दुर्लक्ष केले.

कॅमेऱ्यात आवाज धरला जात नाही. तेव्हा चित्रांवर माझ्या संग्रहातल्या जुन्या ध्वनिफिती वाजवाव्या लागतील. निवेदन मीच लिहिले आहे. आरंभ तुझ्या नजरेखालून जावा म्हणून उतरवून देते:

'भात झोडून झाले, की माघातल्या पहिल्या रविवारी सकाळी वडिवळ्याच्या हनुमंतआबांच्या खळ्यावर गाणे होते. त्याला तिकीट नाही, टाळ्याही नाहीत. गाणाऱ्यापुढे एक रोवळी ठेवलेली असते. श्रोत्याने घरून आंबेमोहोराची एक मूठ आणायची. गाणे पोहोचले, तर उठून ती रोवळीत टाकायची. नाही पोहोचले, तर मूठ बांधून घरी न्यायची. टाकलेली मूठ मात्र परत घ्यायची नाही.'

'पोहोचले' या क्रियापदाविषयी मी साशंक आहे. तुला दुसरे सुचले तर कळव.

१९६२ सालच्या तुझ्या गाण्याची फीत माझ्याजवळ सुस्थितीत आहे. तिच्यातली पहिली चार मिनिटे वापरण्यास तुझी हरकत नसावी. फक्त पहिली चार. कारण तुला ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती करत नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
यमुना करंदीकर


लोणावळा,
रविवार, २५ नोव्हेंबर १९७३

प्रिय चंपावतीस,
सप्रेम नमस्कार.

उत्तर आले नाही. टपालाचा घोटाळा असेल, असे धरून पुन्हा लिहीत आहे. या पत्राची मांडणी मला हवी तशी जमलेली नाही. मन थाऱ्यावर नाही, एवढेच कारण देते.

काल आम्ही वडिवळ्याला गेलो. कामशेतपासून चालत. फीत वाजवायचे यंत्र बाजीरावाच्या खांद्यावर, यादी माझ्या हातात. कॅमेरा कुठे उभा करायचा ते ठरवण्यासाठी तुझ्या गाण्याच्या सकाळी कोण कुठे बसले होते, हे मला जागेवर ताडून पाहायचे होते. भाताची झोडणी नुकतीच आटोपली आहे, खळे सारवून लख्ख केले आहे. हनुमंतआबा थकले आहेत. शकुबाई होत्या तशाच आहेत. जोत्यावर बसून तांदूळ पाखडत होत्या. तुझा तंबोरा त्यांच्या माजघरात खुंटीला आहे. त्याला त्यांनी जुन्या लुगड्याची गवसणी शिवली आहे. टाके ओबडधोबड आहेत, पण धूळ आत जाणार नाही.

मी तुझी फीत लावली आणि मोजपट्टी घेऊन अंतर मोजायला गेले. चार मिनिटांनी बंद करण्याचे माझ्या ध्यानात राहिले नाही. गाणे पुरे चाळीस मिनिटे वाजले. शेवटी, आठवत असेल, बैल हंबरला होता आणि सगळे हसले होते.

शकुबाईंचे सूप थांबले. "ह्यो आमचा ढवळ्या न्हाई," त्या म्हणाल्या.

मी सांगितले, "शकुबाई, त्या दिवशी खळ्याजवळ एकच बैल होता. माझ्या वहीत तशी नोंद आहे."

"वहीत आसंल. पर ह्ये कुनाचं तरी गोऱ्हं हाय, अजून नांगराला न जुपल्यालं. ढवळ्या वरडला की ह्या जोत्याला कळायचं."

"बारा वर्सं राबला त्यो माज्यासंगं," हनुमंतआबा म्हणाले. "म्या वळखनार न्हाई व्हय? ह्यो ढवळ्या न्हवं."

एवढ्यात फितीवर आबांचाच आवाज आला: समद्यांनी जेवून जावा, कुनी उपाशी जायाचं न्हाई. ते ऐकून शकुबाईंना हसू आवरेना. "आन् ह्ये कोन पोरगं बोलतंय?"

"मीच की गं. आपलं लगीन झालं तवा आसाच बोलत व्हतो मी."

"तवा तुमी बोलत कुटं व्हता? मान खाली घालून नुसतं जेवायचा."

बाजीराव मात्र हसला नाही. परतीच्या वाटेवर कान्हे स्टेशनाच्या बाजूने गाडीचा आवाज आला, तसे त्याने यंत्र दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग म्हणाला, "बाई, गाणाऱ्या बाईंचा आवाज शेवटी शेवटी चढला, म्हणून तुम्ही चारच मिनिटं घेताय ना?"

"हो."

"बाईंचा चढला, ते समजलं. बैलाचा कशानं चढला?"

मी त्याला म्हटले, की अडाण्यांच्या स्मरणावर प्रयोगाचे निष्कर्ष ठरत नसतात. हे वाक्य मी फार ठामपणे म्हटले. नंतर गाडीत ते मला तितके ठाम वाटेना. एका मेलेल्या बैलाविषयी दोन म्हाताऱ्या माणसांनी काही म्हणावे आणि मी आठवडाभर नीट जेवू नये... पण आठवडा अजून झालेलाच नाही. कालचीच गोष्ट आहे. पाहा, माझ्या वाक्यांचे काय होते आहे ते.

दृश्य क्रमांक एकतीसच्या पुढे यादी सरकलेली नाही.

तुझी,
यमुना


लोणावळा,
रविवार, ९ डिसेंबर १९७३

चंपू,

मी फीत पुन्हा ऐकली. तीन वेळा ऐकली. तिसऱ्या वेळी तुझ्या गाण्याकडे लक्ष द्यायचे नाही, असे स्वतःला बजावून मागचा तंबोरा तेवढा ऐकला. तो यंत्रापासून दूर होता, फार पुसट आहे. तोही चढत जातो. तू जेवढी चढतेस तेवढाच, पावलाला पाऊल लावून. तंबोऱ्याच्या तारा चाळीस मिनिटांत आपोआप उतरतील एक वेळ, चढत नाहीत.

जे झाले ते एका ओळीत सांगता येते. तुझ्याआधी त्या सकाळी आणखी तिघांचे गाणे मी मुद्रित केले होते आणि यंत्रातले सेल संपत आले होते. सेल संपत आले, की फीत हळू फिरते. हळू फिरत्या फितीवर धरलेला आवाज घरी नव्या सेलांवर, पुऱ्या वेगाने वाजवला, की तो चढा ऐकू येतो. गाणारी, तंबोरा, बैल, हनुमंतआबा, सगळेच. हे कळायला पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका असावे लागत नाही. शकुबाईंना कळले.

नवे सेल माझ्या पिशवीत होते. तू गात होतीस, म्हणून मला जागचे उठवेना.

आणि तरीही मी काय केले? आठ दिवसांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले नादकाटे घेऊन तुझा आरंभीचा षड्ज आणि अखेरचा षड्ज ताडून पाहिला. काळी चारवर निघून तू पांढरी सहाच्या पुढे गेलीस, असे निघाले. दर पाच मिनिटांचा तक्ता केला. चार पानांचे पत्र लिहिले, आणि तुझ्या हाती देण्याआधी ते खळ्यावरच्या गाण्याच्या कमिटीतल्या वीस माणसांत वाचून दाखवले. 'अशा स्थितीत आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसणे उचित नव्हे' हे वाक्य मीच लिहिले. ते वाक्य मला तेव्हा सुरेख वाटले होते. तुझा अर्ज भरून तयार होता. तो गेला नाही. पुढच्या माघात तू तंबोरा घेऊन आलीस, तो शकुबाईंच्या हाती दिलास आणि न गाता गेलीस. मी समोर होते. मला वाटले, मानी आहे, टीका सोसवत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. आम्ही निघताना शकुबाई माझ्याबरोबर बांधापर्यंत आल्या. म्हणाल्या, "बाई, राग येऊ देऊ नगा. त्या सकाळी तुमी मूठ टाकली व्हती की. डोळं पुसत उठला व्हता, म्या बघितलं. मग ती माघारी का घेतली?"

मी म्हटले, मी काही परत घेतले नाही.

"घेतली की. त्या कागदानं घेतली."

मूठ टाकल्याची नोंद माझ्या वहीत नाही. ढवळ्याची आहे, हवेची आहे, सेलांची नाही आणि मुठीची नाही.

आता पुढचे मला नीट मांडता येत नाही. माझ्या कानांनी ऐकले ते खरे होते, हे आज सिद्ध झाले. मग ते मी इतक्या सहजी का सोडून दिले? यंत्रावर माझा विश्वास होता म्हणून, असे लिहिले असते तर पत्र इथेच संपले असते आणि वाचायलाही बरे दिसले असते. पण गुरुजी आपल्या दोघींना गाणे शिकवत तेव्हा हसून म्हणायचे, "यमे, तू ताल मोज. चंपू गाईल." आपण तिघेही हसायचो. मीही हसायचे. तक्ता करताना मला ते वाक्य आठवले होते की नव्हते? पंधरा दिवस मी याचे उत्तर शोधते आहे. कधी वाटते, आठवले होते. कधी वाटते, आज अपराध वाटतो म्हणून मी ते मागाहून तिथे नेऊन ठेवते आहे. शेवटच्या रकान्यात तुझा चढ लिहिताना मला वाईट वाटले नव्हते, एवढे मात्र आठवते. मला बरे वाटले होते. हे मी कुणालाही सांगितलेले नाही.

अनुबोधपट कशासाठी काढायला निघाले, तेही आता मला सांगता येत नाही. उत्सवासाठी म्हणत होते. मग बासष्टांपैकी एकोणीस दृश्यांत तुझी फीत का आहे? बाजीरावाने ती परवा मोजून दाखवली. त्याचे म्हणणे, "शेवट कापून टाका. कुणाला कळणार आहे?" मी विचारले, "आणि शकुबाईंना?" तो म्हणाला, "त्या कुठं येणार आहेत बघायला." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "येतील, नाही?"

फितीचा वेग कमी करून आवाज मूळ जागी आणता येईल का, हेही पाहिले. थोडे साधते, मग पुन्हा हातातून सुटते. तुझे गाणे होते तसे मला आता कुठल्याही यंत्रातून काढता येत नाही. ते त्या सकाळी जे तिथे बसले होते त्यांच्या कानांत आहे, आणि त्यांच्यातल्या एकीने काय केले ते वर लिहिलेच आहे.

तेव्हा मी असे ठरवले आहे. तुझी परवानगी असेल, तर फीत बैलाच्या आवाजापर्यंत पुरी वाजेल, आणि तिच्यावर माझ्याच आवाजात मी सांगेन, की चूक माझी होती, सेल माझे होते, पत्र माझे होते. ज्या वीस माणसांत मी ते वाचले, त्यांतली चौदा हयात आहेत, चौदांनाही बोलावीन. तुझी परवानगी नसेल, तर अनुबोधपट होणार नाही. बाजीरावाला मी तसे सांगितले आहे. तो म्हणाला, "मग मी आपला लग्नंच काढीन," आणि चहा मागवला.

येत्या माघाचा पहिला रविवार २७ जानेवारीला आहे. तू येशील, असे मी गृहीत धरत नाही. क्षमा मागायला मी हे लिहिले, की तुझ्याकडून काही ऐकून मला सुटायचे आहे, हे माझे मलाच ठरवता येत नाही. ते तूही ठरवू नकोस. शकुबाईंनी गवसणी काढून तंबोरा उन्हाला दाखवला आहे. तारा गंजल्या आहेत, त्या बदलाव्या लागतील. मिरजेत त्या चांगल्या मिळतात, हे तुला मी सांगायला नको. मी त्या दिवशी यंत्र नेणार नाही. मागे, बांधाकडे बसेन.

या पत्राचा कच्चा खर्डा केलेला नाही. दुसऱ्या पानावर खाडाखोड आहे आणि 'मूठ' हा शब्द फार वेळा आला आहे. तसेच टाकते आहे.

जिची मूठ तुझ्या रोवळीतच होती, ती
यमी