पंच्याऐंशीव्या वाढदिवसाची बंदूक

मिलब्रुक, ओहायो
ऑक्टोबर १४

आदरणीय लेलँडकाका,

तुम्हाला आणि व्हर्नाकाकूंना वेंडेलचा नमस्कार. तुमचा गुडघा ॲरिझोनाच्या उन्हात सुधारला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. लोर्ना आपल्या नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, तीन दिवस झाले बोलत नाही, पण तब्येतीनं उत्तम आहे.

जुनी सरावाची रायफल घेताना काय काय बघायचं, हे तुम्ही मागे मला दोन पानं भरून लिहून पाठवलं होतं. ती पानं घेऊनच मी जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर भरणाऱ्या जुन्या बंदुकांच्या विक्रीला गेलो. (चष्मा मात्र गाडीत राहिला. परत जायला हवं होतं, पण वाटेत गरम डोनटचा ठेला होता आणि तिथून पाय हलेनात.) गारलंड प्रुएट नावाच्या गृहस्थाच्या टेबलावर ती होती. युद्धाच्या काळातली, सैनिकांना शिकवायची, बावीस बोअरची. लाकूड असं चकचकीत, की त्यात मला माझं टक्कल दिसलं. काका, मी तिथेच विरघळलो.

पहिली सूचना होती, गोळी आत ढकलणारा मागचा बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघ, आतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत. बोल्ट हलेना. प्रुएट म्हणाला, "तेल सुकलंय हो. दोन थेंब सोडा, लोण्यासारखा चालेल." मी मान डोलावली. मूठ धरतो तिथे लाकडाला चीर आहे का बघ, असं तुम्ही लिहिलं होतं. मी हात फिरवला आणि वार्निशाचंच कौतुक करत बसलो. नळीवरचा आणि बोल्टवरचा आकडा जुळतो का? जुळत होता! दोन्हीकडे चौदा. (कारखान्याचा आकडा इतका छोटा आणि तोही पांढऱ्या रंगानं कसा, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला.) शेवटी, विकणाऱ्याला खोदून विचार, असं होतं. मी विचारलं, नेम कसा आहे? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, ऐंशी वर्षांत हिचा एकही नेम चुकलेला नाही."

शनिवारी ती घेऊन मी नेमबाजीच्या क्लबात गेलो. सगळे म्हातारे चटयांवर पालथे पडले होते. बोल्ट मी आदल्या दिवशी हातोडीनं मोकळा केला होता. गोळी आत सारली, ती जाईना. जोर लावला, तरी जाईना. शेजारच्या बर्डेट होल्कमनं हातातून बंदूक घेतली, विजेरी धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"वेंडेल," तो म्हणाला, "हिला भोकच नाही रे."

नळीत मागपर्यंत शिसं ओतलेलं होतं. बोल्टमधली, गोळीवर आपटणारी सुईही काढलेली. कुठल्याशा शाळेत पोरांना खांद्यावर घेऊन कवायत करायला दिलेली बंदूक, रांगेतली चौदावी. प्रुएट एक शब्द खोटं बोलला नव्हता. सगळे हसले आणि मीही हसलो. मग गाडीत जाऊन बसलो आणि तिथे काही हसू आलं नाही. तुम्ही इतक्या मायेनं लिहिलेली दोन पानं खिशात तशीच होती, डोनटची साखर लागलेली.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा पुतण्या,
वेंडेल

ता. क. ती बंदूक तुमच्यासाठीच होती. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला चकचकीत काहीतरी द्यावं असं वाटलं.

ता. क. २. आता खरं सांगतो. ती मी पैसे देऊन नाही, अदलाबदलीत घेतली. तुम्ही ॲरिझोनाला जाताना माझ्याकडे ठेवलेली तुमची रायफल, तीच दिली. तिच्यावर ओरखडे फार होते हो. काल प्रुएटकडे जाऊन हात जोडले. तो म्हणतो, "असली बंदूक देऊन टाकणाऱ्याच्या हातात मी ती परत देणार नाही. ज्याची आहे त्याला आणा." तेव्हा कृपा करून महिनाअखेरीस या. विमानतळावर मी असेन.

ता. क. ३. प्रुएटनं मला तुमच्या रायफलच्या दस्त्याची खालची बाजू दाखवली. तिथे चाकूनं बारीक 'ओपल' असं बाईचं नाव कोरलंय. पंधरा वर्षं ती माझ्या कपाटात होती आणि मी एकदाही उलटी करून पाहिली नाही. ओपल कोण, हे मी विचारत नाही. येताना एकटेच या.