हाक मारता न येणारं नाव

अण्णा, आज ऑफिसातून आल्यावर मी आधी हात धुतले, मग तोंड, आणि मग पुन्हा हात. काही सांडलं नव्हतं, चिकटलं नव्हतं. नुसती किळस आली होती, आणि ती साबणाने जात नाही हे या वयात नव्याने कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं, पण आज तो न बोलावता आला. डोंबिवलीच्या या स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल ओढून लिहिते आहे. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्हाला आवडलंही नसतं, खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी दिसते.

तुमच्या कोलशेतच्या कारखान्यात प्रत्येकाला एक टोपणनाव होतं. शाळेला सुट्टी असली की तुमचा डबा घेऊन मी गेटपर्यंत यायचे, तेव्हा ती कानावर पडायची. तुम्ही स्वतः 'भोंगा' होतात. फोरमन असूनही हाताखालची माणसं तुम्हाला तोंडावर भोंगा म्हणायची आणि तुम्ही मशीनच्या आवाजावर आवाज काढून 'ओ' द्यायचात. एका काडीसारख्या फिटरला सगळे 'इंजेक्शन' म्हणत. दसऱ्याला तो सोनं द्यायला आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "वहिनी, इंजेक्शन आलंय, चहा टाका." आई हसून हसून दमली. आणि मग एक दिवस जेवताना मी स्टोअरमधल्या त्या अबोल गृहस्थांना 'भुताटकी' म्हणाले. गेटवर दोघं-तिघं तसं म्हणत होते आणि मला गंमत वाटली होती. तुम्ही उचललेला घास ताटात परत ठेवलात. "त्यांना ह्या नावानं कोणी हाक मारतं?" मी म्हटलं, नाही, ते पुढे गेले की म्हणतात. "मग ते नाव नाही, घाण आहे. हाक मारता येत नाही ते नाव घरात आणायचं नाही." आई म्हणाली, लहान आहे हो ती. तुम्ही म्हणालात, "मोठी झाल्यावर काढायला जड जातं." दुसऱ्या दिवशी तुम्ही गेटवर काय बोललात ते मला ठाऊक नाही, पण ते नाव मला पुन्हा ऐकू आलं नाही.

माझ्या ठाण्याच्या ऑफिसात टोपणनावं नाहीत. सगळे एकमेकांना 'फॅमिली' म्हणतात आणि वाढदिवसाला एकमेकांच्या तोंडाला केक फासतात. मी तिथे विम्याचे दावे तपासणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. विभागाचा फोनवर एक ग्रुप आहे, आणि आणखी एक आहे, ज्यात एक माणूस सोडून सगळे आहेत. तो माणूस दिवा स्टेशनजवळ राहतो. त्याच्या इमारतीत पाणी आलं तर आलं, म्हणून निघताना तो ऑफिसच्या कूलरवर दोन बाटल्या आणि एक छोटा कॅन भरून नेतो. विचारून नेतो, परवानगी मीच दिली आहे. कुणीतरी त्याचा मागून फोटो काढला, वाकलेला, शर्ट वर सरकलेला, कंबर उघडी पडलेली, आणि त्याचं स्टिकर केलं. खाली लिहिलं, 'टँकर आला'. आता त्या दुसऱ्या ग्रुपवर कुणी उशिरा पोचो, कुणाचं लग्न ठरो, ते स्टिकर पडतंच. मी कधी हसले नाही. बाहेरही पडले नाही. प्रमुखाला सगळं ठाऊक असलेलं बरं, असं स्वतःला समजावत राहिले.

गेल्या आठवड्यात कंपनीने आम्हाला शीळफाट्याजवळच्या एका हॉलवर नेलं. कामाच्या जागी नाती निरोगी कशी ठेवावीत ते शिकवायला एक बाई आल्या होत्या. त्यांचा एक खेळ होता: डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. ह्या माणसाची पाळी आली. तो आधी घाबरला, मग पडला. स्टिकर करणाऱ्या पोरानेच त्याला काखेत हात घालून झेललं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कसं वाटलं, असं बाईंनी विचारलं तर त्याचे डोळे भरून आले. "अशी माणसं नशिबानं भेटतात," तो म्हणाला. तो बोलत असतानाच माझ्या हातातला फोन थरथरला आणि त्यावर ते स्टिकर आलं. खोटेपणाची मला सवय आहे, अण्णा, सगळी नोकरी त्यातच गेली. पण ती पोरं टाळ्या मनापासून वाजवत होती, आणि तेच मला सगळ्यात ओंगळ वाटलं.

सोमवारी जेवताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "शीळफाट्याचे फोटो आले म्हणे? मला नाही आले. कुठल्या ग्रुपवर टाकलेत?" सगळ्यांनी डब्यात माना घातल्या. स्टिकरवाला म्हणाला, "अरे, नेट गंडलेलं रे माझं. पाठवतो ना." फोटो विचारणारा डबा धुवायला गेला तेव्हा मी त्या स्टिकरवाल्या पोराला म्हटलं, "ते चित्र त्याला दाखव. टँकर म्हणून हाक मार त्याला."

"मॅडम, मस्ती आहे ओ. त्याला कुठे कळतंय?"

"म्हणूनच दाखव. जमत नसेल तर पुसून टाका सगळ्यांनी. ही घाण माझ्या विभागात नको."

"तुम्ही पण ना मॅडम, एवढं काय पर्सनल घेताय," शेजारची मुलगी म्हणाली. त्या दुपारपासून दुसरा ग्रुप गप्प आहे. म्हणजे तिसरा निघाला, मला वगळून. मी पॅन्ट्रीत पाऊल ठेवलं की बोलणं थांबतं आणि सगळे माझ्याकडे बघून फार गोड हसतात. आता माझंही स्टिकर असणार. खुर्चीतून उठताना मी कुर्ता मागून नीट करते.

आज संध्याकाळी तो कॅन घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "मॅडम, रागावू नका, एक बोलू? सगळे तुमच्यावर नाराज दिसतायत. तुम्ही जरा मिळतं घ्या ना. चांगली पोरं आहेत ओ. मला तर घरच्यासारखं वाटतं इथे." ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मला त्याचीही किळस आली, अण्णा, त्याच्या त्या तृप्त चेहऱ्याची. माझा हात फोनकडे गेला. ग्रुप उघडला, स्टिकर समोर आणलं, फोन त्याच्याकडे वळवायचाच बाकी होता. तुमचा नियम तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हता. मला फक्त त्याचं ते हसू पुसायचं होतं. त्याचं लक्षच नव्हतं, तो कॅनचं झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहत होता. मी फोन पालथा ठेवला आणि म्हटलं, "बरं, घेते मिळतं." त्याला बरं वाटलं. कॅन सांभाळत तो गेला.

हे लिहून मी डाळीच्या डब्यामागे ठेवीन आणि कधीतरी रद्दीबरोबर जाईल. तुम्ही असतात तर एवढंच विचारलं असतंत, की मग आता तरी ते पुसलंस का. हात धुऊन आल्यावर मी त्यासाठी फोन उघडला होता. नाही पुसलं, अण्णा. उद्या तो पुन्हा मला काही शिकवायला आला तर असावं, म्हणून ठेवलंय.