बिघाड ऐकणारा कान

मिस्त्री, आपली मिल आठ दिवस बंद आहे आणि मी घरी बसलो आहे. शेठजींनी धान भरडायची नवी मशीन घेतली, ती बसवायला कंपनीची माणसं आली, आणि शेठजी मला म्हणाले, "मिस्त्री, आप आराम करो." आता मलाच मिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा कोणी तशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून तुम्हाला शोधलं होतं. तुम्हाला देवाघरी जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. आता सतरा वर्षं झाली.

सुट्टीचे पहिले चार दिवस मी कुडवा गावातल्या माझ्या घरात पंख्याची कुरकुर ऐकत काढले. दूधवाल्याला सांगितलं की दूध पातळ आहे. शेजाऱ्याला सांगितलं की तुमच्या टाकीचं पाणी आमच्या भिंतीवर पडते. संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावला आणि त्याला दोघांचंही सांगितलं. घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. बायको चार महिन्यांपूर्वी नागपूरला मुलाकडे गेली. सुनेला आई नाही, म्हणून बाळंतपणाला हिलाच जावं लागलं. दोन महिन्यांत येईन म्हणाली होती. गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, कधी येतेस, तर म्हणाली, "राहू द्या ना जी आणखी. इथं घर शांत हाय." तिच्या मागे नातू टाहो फोडत होता. मी फोन ठेवला. तान्हं पोर रडतं ते घर तिला शांत वाटतं, आणि मी असतो ते वाटत नाही.

मिस्त्री, हा कान तुम्हीच मला दिला. मी नवा होतो, नुकतंच लग्न झालेलं, आणि मिलमध्ये एवढा गोंगाट की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नसे. तुम्ही पेचकसाचं टोक बेरिंगवर टेकवलं, मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली आणि कानाशी ओरडलात, "जे बरोबर चालून राहिलं ते ऐकू नको बे. जे बिघडून राहिलं तेवढंच ऐक." मला वर्षभर लागलं. मग एक दिवस त्या सगळ्या गडगडाटातून एक बारीक खरखर मला वेगळी ऐकू आली आणि मी हात वर करून मशीन थांबवायला लावली. तुम्ही बेरिंग उघडून पाहिलं, आणि दुपारी तुमच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या डब्यात ठेवलीत. तेव्हापासून मला बरोबर चालणारं काही ऐकूच येत नाही. घरी जेवायला बसलो की आधी भातातला खडा. बायको नवं लुगडं नेसून समोर आली की त्याचा निघालेला धागा.

तुम्हाला मात्र ते बंद करता येत होतं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही सायकलीवर मला मागे बसवून कामठ्याकडच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, न्यायचे. गरीला गांडूळ लावायचं, मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत सोडायची आणि काठाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसायचं. मी बसल्या बसल्या सुरू व्हायचो. मिलचे मुनीमजी असे बोलले, पट्टा जुना आहे, जाळी आणून देत नाहीत. तुम्ही काडीवरची नजर न काढता म्हणायचे, "मासोळी काय मुनीमजीले ओळखते का बे?" मी हसायचो आणि पुन्हा तेच. एकदा तुम्ही म्हणालात, "सहा दिवस मुनीमजीचे हायेत ना? सातवाबी त्यालेच देऊन राहिला काऊन?" मला वाटलं, म्हातारा गंमत करतो.

मग तो सुट्टीचा दिवस. मी डबा घेऊन नाक्यावर उभा आहे, आठ वाजले, नऊ वाजले, ऊन पायांवर आलं, तुम्ही येत नाही. मला वाटलं, ताप आला असेल. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये विचारलं तर सरळ म्हणालात, "गेलो होतो ना. चांगला मांगूर लागला."

"मग मले काऊन नाही नेलं?"

"तू मिल संगच घेऊन येतेस. माह्या सायकलीवर तिघाची जागा नाही."

आजूबाजूचे हमाल खो खो हसले. पुढे दोनदा तुम्ही आपणहून विचारलंत, "चालतेस का?" मी दोन्ही वेळा सांगितलं, घरी काम आहे. काही काम नव्हतं. तुम्ही काम सोडलंत, आजारी पडलात, आणि मी भेटायला येतानाही माझ्या मनात हमालांचं ते हसणंच होतं. मी तुमच्या खाटेजवळ बसून तासभर नव्या मुनीमजीची गाऱ्हाणी सांगितली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात.

आज मी त्या बोडीवर गेलो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. गरी टाकली आणि माझा कान लगेच कामाला लागला. कोणाच्या तरी धानाच्या बांधीतला मोटारपंप अडखळत होता. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं, तर मी त्याच्या इंजिनातही काही खोट सापडते का पाहत होतो. एक तास असाच गेला. मग पंप थांबला, विमान उतरलं असेल, आणि मला कळलं की मी बऱ्याच वेळापासून काहीच ऐकत नाही आहे. पाण्यात एक पाणकोंबडी पिलांना घेऊन कमळाच्या पानांमधून चालली होती. काडी हलत नव्हती आणि ती हलावी असंही वाटत नव्हतं. एवढं बरं वाटलं, मिस्त्री, की मी कोणाला तरी सांगायला बाजूला वळलो. बाजूला गवत होतं. पातळ दुधाचं दूधवाल्याला सांगता येतं. पण बरं वाटलं, हे मी कोणाला सांगू?

पाळीवरूनच बायकोला फोन लावला.

"हां जी, बोला."

"कामठ्याकडच्या बोडीवर आलो होतो."

"मंग? काय झालं?"

"काही नाही. बरं हाय इथं."

"तब्येत बरी हाय ना तुमची?"

"हाय ना."

"सकाळी भात केला होता? कसा झाला?"

"चांगला झाला होता."

"अगा माय! आता तर मले भेव लागून राहिलं जी. काही लपवून तर नाही राहिले ना? थोडीशी कुरकुर करा बरं, म्हणजे माह्या जीवाले चैन पडेन."

मला हसू आलं. तीही हसली, आणि ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं ते मला आठवेना. मी काही म्हणणार तेवढ्यात पोरगं रडलं. "ठेवते जी," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता घरी येऊन हे लिहितो आहे. मारुतीपुढे दिवा लावला, पण आज त्याच्याजवळ सांगायला काही सुचलं नाही, नुसते हात जोडून उभा राहिलो. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते वहीतच राहील. एक खरं सांगतो, मिस्त्री. आज फोनवर मला तिला एवढंच म्हणायचं होतं की घरी ये, तुझ्याशिवाय करमत नाही. पोरगं रडलं हे निमित्त झालं. ते रडलं नसतं तरी माझ्या तोंडून ते निघालं नसतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही तर नाही म्हणू शकत नाही; ती नाही म्हणेल, याचंच मला भेव वाटते.