एकच प्रत, सात दारे

मी, श्रीमती कौसल्या कडूबा मघाडे, वय वर्षे ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार स्टँड रोड, धामणपेठ, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पित्ताशयात खडे आहेत, पण पित्ताशयाने विचार करायचा नसतो. येत्या गुरुवारी जालन्याला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळ म्हणून सांगितलेल्या गोष्टीने या घराचे काय झाले ते पुढे येईलच, म्हणून आजच सगळे लिहून ठेवते.

कलम १. स्टँड रोडवरचे माझे राहते घर, म्हणजे त्यातले जेवढे नगरपरिषदेने शिल्लक ठेवले आहे तेवढे, माझी मुलगी प्रिया हिला मिळावे. स्वयंपाकघर, मधली खोली, मागची खोली आणि रस्त्याकडचे हिरवे दार, एवढे उरले आहे. सासर सोडून आल्यावर प्रियाने मागच्या खोलीत शिलाई सुरू केली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. तेव्हा हे घर तिला देणे हा उपकार नाही. नातेवाइकांनी तसे बोलून दाखवू नये.

कलम २. बँकेतली ठेव प्रिया आणि मुलगा धम्मपाल यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. धम्मपाल नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. पोरगा गुणी आहे. फक्त काहीही सांगितले की "जाऊ दे ना आई" म्हणतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी मी त्याच्यावरच सोपवते, म्हणजे निदान एक काम तरी त्याला जाऊ देता येणार नाही.

कलम ३. माझे पती कै. कडूबा यांचे शिलाई मशीन आणि मोठी कात्री प्रियाने वापरावी. त्या कात्रीने कागद कापू नये. कडूबा म्हणायचे, कागदाने धार जाते. कागदाने अख्खे दुकान जाते हे त्यांना नंतर कळले.

कलम ४. ते कसे गेले, हे माझ्या वारसांना माहीत असावे.

चार वर्षांपूर्वी नगरपरिषदेने स्टँड रोड रुंद करायचे ठरवले. कायदा चांगला आहे. तो म्हणतो, आधी नोटीस द्या, हरकती मागवा, सुनावणी घ्या. नगरपरिषदेने यातले सगळे केले. कार्यालयाच्या फलकावर नोटीस लावली. हा फलक पाण्याच्या फिल्टरमागे आहे, त्यामुळे तहान लागलेल्या उंच माणसाला तिचा वरचा भाग दिसू शकत होता. एका दैनिकातही छापली. ते दैनिक धामणपेठेत येत नाही. शिवाय गल्लीतल्या सातही घरांच्या दारावर डकवली.

डकवली, हे खरे आहे. लिपिक सोमेश्वर याने नोटिशीची एकच प्रत काढली होती, कागद वाचावा म्हणून. ती पहिल्या दाराला लावली, मोबाइलवर फोटो काढला, सोलून घेतली आणि दुसऱ्या दाराला लावली. असे करत सातवे दार आमचे आले. आवाज ऐकून मी दार उघडले, तर कागद त्याच्या हातात आणि डिंक माझ्या दारावर. सोमेश्वर माझा विद्यार्थी. मी विचारले, "काय रे?"

"काही न्हाई बाई. दाराचा फोटो काढून राह्यलो."

मला वाटले, घरपट्टीचे काही असेल. मी त्याला पाणी दिले. तो पाणी पिऊन, नोटीस खिशात घालून गेला.

मग पंचनामा झाला. समोरचा चहावाला राधेश्याम आणि शेजारचा झेरॉक्सवाला माऊली या दोघांनी "आमच्या समक्ष डकवली" असे लिहिलेल्या कागदावर चहा पिता पिता सह्या केल्या. धामणपेठेत कोणताही पंचनामा असो, पंच हेच दोघे, कारण ते कार्यालयाच्या सगळ्यात जवळ बसतात. सुनावणीला कोणीच गेले नाही. इतिवृत्तात आले, "एकही हरकत प्राप्त झाली नाही." सात घरांची एकमुखी संमती. पाडायचे मशीन आले तेव्हा आम्ही ओरडलो, पण ते वरातीमागून घोडे.

पुढची खोली, म्हणजे कडूबांचे दुकान, एका सकाळीत गेले. त्यानंतर ते रोज रस्त्याच्या कडेला, जिथे त्यांचे शिलाई मशीन असायचे तिथे, खुर्ची टाकून बसत. पुढच्या वर्षी ते वारले. डॉक्टरांनी हृदयाचे कारण लिहिले. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही, पण मला तेव्हा फार वाईट वाटले आणि आजही तितकेच वाटते.

कलम ५. नगरपरिषदेस माझ्याकडून पुढील वस्तू द्याव्यात: कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा, म्हणजे सात दारांना सात प्रती निघतील; आणि मैद्याच्या खळीचे पातेले. शाळेत तक्ते लावायला मी हीच खळ करत असे. मैदा गार पाण्यात कालवून मग शिजवायचा आणि शेवटी चिमूटभर मोरचूद घालायचा. हिने डकवलेला कागद पावसानेच निघतो, लिपिकाने निघत नाही. खळीचा ब्रश सोमेश्वरला वैयक्तिक द्यावा.

कलम ६. माझा अंत्यविधी आणि पुण्यानुमोदन बौद्ध पद्धतीने व्हावे. गल्लीत प्रत्येक दारी जाऊन तोंडाने सांगावे. मुख्याधिकारी आणि पदाधिकारी यांना मात्र तोंडाने सांगू नये. त्यांच्यासाठी सूचना फिल्टरमागच्या फलकावर लावावी, फोटो काढावा आणि काढून घ्यावी. कायद्याने त्यांना कळले असे समजावे. कोणी आले नाही, तर माझ्या मरणाला नगरपरिषदेची हरकत नाही अशी नोंद घ्यावी.

कलम ७. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम राधेश्याम आणि माऊली यांनाच बोलावले. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्यांना काही देत नाही. फक्त वाचायला लावते.

कलम ८. हे कलम सह्या होण्याआधी, आत्ताच वाढवत आहे.

दोघे सकाळी आले. राधेश्यामने चहा आणला. माऊलीने पेन उघडले आणि विचारले, "सही कुठं करायची, बाई?" मी म्हणाले, आधी वाच, मोठ्याने. तो वाचत कलम चारपर्यंत आला आणि थांबला.

"बाई, हे तर आमचंच हाये."

"पुढे वाच."

त्याने सगळे वाचले. राधेश्यामचा चहा तसाच राहिला. मग तोच खाली बघत म्हणाला, "बाई, काल परत सही केल्ती आम्ही. मागून नाली काढून राह्यले म्हणे."

"कोणाच्या दारावर डकवली?"

"सोमेश्वरनं फोटो दाखवला व्हता," माऊली म्हणाला. "हिरवं दार व्हतं. मी ध्यानच न्हाई देलं, बाई."

गल्लीत हिरवे दार एकच आहे. काल मी आणि प्रिया रक्त तपासायला जालन्याला गेलो होतो. मागून नाली म्हणजे प्रियाची खोली.

माऊली उठून कार्यालयात गेला, फिल्टर सरकवला आणि नोटीस वाचून आला. आयुष्यात पहिल्यांदा, असे तोच म्हणाला. सुनावणी येत्या शुक्रवारी सकाळी अकराला आहे.

ऑपरेशन मी सोमवारवर ढकलले आहे. प्रिया रागावली, मग हरकतीचा अर्ज लिहायला बसली. धम्मपालला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे ना आई." मग म्हणाला, "किती वाजता हाये?"

तरी मी असे जाहीर करते की, शुक्रवारची सुनावणी होईपर्यंत माझा मरण्याचा कोणताही इरादा नाही. त्याआधी मी मेलेच, तर आधी हरकत दाखल करावी आणि मग मला उचलावे.

लिहून देणार: कौसल्या कडूबा मघाडे (सही)

साक्षीदार: वरील मजकूर आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बाईंनी आमच्या समक्ष सही केली, हे आम्ही खरोखर बघितले. कालच्या पंचनाम्यातली आमची साक्ष खोटी आहे, हे शुक्रवारी सुनावणीत उभे राहून सांगू.
१. राधेश्याम तिवाडी (सही)
२. माऊली डोईफोडे (सही)

स्थळ: धामणपेठ, जि. जालना
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

या मृत्युपत्राच्या सात प्रती काढून गल्लीतल्या सातही दारांना खळीने डकवल्या आहेत. सोमेश्वर, फोटो काढायचा तर काढ. कागद तिथेच राहू दे.