घाटवालीचं नाव

मी, फुलाबाई बाजीराव रोकडे, वय अंदाजे चौसष्ट, धंदा तमाशा, धर्म बौद्ध, राहणार नारायणगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी काही पाजलेलं नाही, कुणी दम दिलेला नाही. म्हणजे घरच्यांनी दिलेला नाही. दम मुंबईहून आला आहे, ते पुढं सांगते. हात कापतो आहे तो म्हातारपणानं नव्हे, भीतीनं. तेव्हा अक्षर हललं म्हणून कागद खोटा ठरवू नये.

आणखी एक. या कागदात मी एका बाईचं नाव लिहिणार नाही, तिला नुसतं घाटवाली म्हणेन. नाव लिहिलं तर दम देणाऱ्या मुंबईच्या कंपनीच्या हाती आयता पुरावा पडेल अशी मला धास्ती आहे. जुन्नरच्या शीला वकीलबाई म्हणतात, "फुलाबाई, मृत्युपत्रात नाव लिहून कुणी तुरुंगात जात नाही." जात नसेल. नोटीस त्यांच्या दारात आलेली नाही.

पहिलं कलम घराचं. नारायणगावातलं दोन खोल्यांचं घर मुलगा कपिल याला द्यावं. फडाचा ट्रक, कनात आणि जनरेटरही त्यालाच. फड मोडून ट्रक टोमॅटोच्या भाड्याला लावायचं त्याच्या मनात आहे, हे मला कळत नाही असं त्यानं समजू नये. लाव बाबा, पण मी गेल्यावर एक हंगाम थांब, म्हणजे माणसांना दुसरा फड बघायला सवड मिळेल.

दुसरं. आमचे सोंगाडे गेणभाऊ यांना माझ्या मालकांचा काळा कोट द्यावा. मालक होते तेव्हापासून त्या कोटावर डोळा आहे. घ्या एकदाचा! माझी नथ सुनेला. ती थोरल्या जावेच्या घरात जाता कामा नये. मी लग्न होऊन आले तेव्हा "नाचीण आणली घरात" असं ती चारचौघांत म्हणाली होती. ती विसरली असेल, मी नाही.

आता घाटवाली. तिच्यापायी रात्री झोप नाही, म्हणून ते कलम सविस्तर लिहिते.

घाटवाली ही आमच्या फडाच्या वगातली बाई. वग माझे मालक बाजीराव यांनी रचला. काळा मुखवटा, हातात आसूड, आणि घाटात जुलमी जकातदाराची वाट अडवून ओरडायचं, "जकात ठेव, जीव घेऊन जा!" माझे गुडघे चालले तोवर घाटवाली मी केली. आता कपिलची मुलगी रत्ना करते, आणि माझ्यापेक्षा चांगली करते.

सत्त्याण्णव साली पाडव्याच्या सुमाराला पुण्याचे एक प्रकाशक आमच्या राहुटीत आले. गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, तेच ते दिवस. त्यांना घाटवालीची मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची होती. त्यांच्या चित्रकारानं मला समोरून, बाजूनं, पाठीमागून उभी करून कागदावर घेतलं. मग विचारलं, "मुखवट्याची गाठ डावीकडं की उजवीकडं?" गेणभाऊ म्हणाले, "त्या रात्री जिकडं खाजत न्हाई तिकडं!" आम्ही हसलो. प्रकाशक हसले नाहीत. म्हणाले, प्रत्येक पुस्तकात ती एकसारखीच दिसली पाहिजे.

सही करायच्या आधी मालक मला म्हणाले, "घाबरू नगं. सुपारीच हाय ही. हंगाम सरला की सुपारी फिटली, बाई घरी आली." आमच्या धंद्यात असंच चालतं. दसऱ्याला बांधलेला माणूस अक्षय्य तृतीयेला मोकळा होतो. घाटवालीही तशीच मोकळी होईल असं आम्ही धरून चाललो. कागदात लिहिलं होतं, "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत." माध्यम म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही.

सुरुवातीला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पानं छापायच्या आधी माझ्या मंजुरीला यायची. मी म्हणायचे, ही गोरी झाली, हिला काळी करा. ते करायचे, आणि पुढच्या पुस्तकात ती पुन्हा उजळलेली असायची. भीमाशंकरला प्रसादाच्या दुकानात पेढ्यांच्या शेजारी आमची पुस्तकं लटकलेली पाहिली तेव्हा मालक तिथंच रडले. मग पानं यायची थांबली. प्रकाशकांचं दुकान बसलं, आणि त्यांनी घाटवालीचे हक्क मुंबईच्या एका कंपनीला विकून टाकले. कंपनीनं तिला कंपासपेटीवर बसवलं, दप्तरावर बसवलं. आणि आम्हाला नोटीस पाठवली की घाटवालीचं नाव, पोशाख, मुखवटा, आसूड आणि वाक्य परवानगीशिवाय वापरणं ताबडतोब थांबवावं.

नोटीस आली त्याच पावसाळ्यात मालक गेले. नोटिशीनं गेले असं म्हणत नाही, छाती आधीपासून कमजोर होती.

तेव्हापासून मला कनातीच्या मागं बसवत नाही. पब्लिकमध्ये कुणी बॅटरी लावली की वाटतं, आला कंपनीचा माणूस. एकदा खाकी कपड्यातला एसटीचा ड्रायव्हर बघून मी जागच्या जागी ओकले. रत्नाला स्टेजवरून, सगळ्या गावादेखत, मुखवट्यासकट उचलून नेतील, हे एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढं असतं. पोरीचं वय एकोणीस आहे.

म्हणून यंदा डिंगोऱ्याच्या जत्रेत आम्ही सगळंच काढून टाकलं. मुखवटा नाही, आसूड नाही, वाक्य नाही, नाव तर नाहीच. रत्ना साधं नऊवारी लुगडं नेसून, वगात मी यायचे तशी पब्लिकच्या पाठीमागून, नुसती हाळी देत आली. मग पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगं बया, ही तर आपली..." आणि तिनं नाव घेतलं. झालं! सगळी जत्रा तेच नाव घेऊन शिट्ट्या मारायला लागली. मी कनातीआडून हात जोडत होते, "गप बसा रे माझ्या बाबांनो, गप बसा!" रत्ना आत आली ती सांगतच, "आज्जी, म्या न्हाई घेतलं. त्यांनीच घेतलं." तमाशा सुटल्यावर कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ सरळ माझ्याकडं आला. त्याला रत्नाबरोबर आपल्या लेकीचा फोटो काढायचा होता.

आता कंपनीनं नवा कागद धाडला आहे. घाटवालीच्या नावावर आमचा काही हक्क नाही असं मी लिहून द्यायचं, मग नोटीस मागं घेणार. कपिल म्हणतो, "आई, करून टाक सही. पोरीच्या मागची पीडा तरी जाईल." त्याला मी दोष देत नाही. बाप आहे, माझ्याइतकाच भ्यालेला आहे. मी पेन हातात घेतलंही होतं. पण आधी मृत्युपत्राचं विचारून येते म्हणून जुन्नरला गेले.

वकीलबाईंनी सहज विचारलं, "माहेरचं नाव काय?" माझी दातखीळ बसली. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्यानं विचारलं. मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या कानात सांगितलं. बाईंनी लगेच प्रकाशकांचा जुना करार माझ्याकडून मागून घेतला.

आम्ही बौद्ध झालो तरी लग्नात सुनेचं नाव बदलायची रीत काही सुटली नव्हती. ताटातल्या तांदळात अंगठीनं 'फुलाबाई' लिहिलं, आणि माझं जन्माचं नाव माहेरी राहिलं. मला ते फार लागलं होतं, पण बोलणार कुणाला? त्याच वर्षी मालकांनी वग रचला. त्यातल्या बाईला नाव काय ठेवलं, हे कुणाला सांगितलं नाही. पहिल्या रात्री स्टेजवर त्यांनी पुकारलं, ते माझंच जुनं नाव होतं. घाटवालीचं नाव माझं आहे. मी ते तिच्या आधीपासून लावते.

वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टात टिकेलच असं मी सांगत नाही. पण तुम्ही जन्माचं नाव विकलंय, असं या करारात कुठंही नाही. आणि तमाशा हा शब्दही नाही." शब्द नाही म्हणून तमाशा आमचा, की शब्द नाही म्हणून त्यांचा, ते कोर्ट ठरवील. मला त्या कोर्टाचीही भीती वाटते.

तरी शेवटचं कलम असं. कंपनीच्या कागदावर मी सही केलेली नाही, करणार नाही, आणि माझ्या मागं कपिलनं करू नये. मुखवटा आणि आसूड पत्र्याच्या पेटीत आहेत, ते रत्नाला द्यावेत. माझं जन्माचं नावही मी तिलाच देते. तिनं ते लावावं, पुकारावं, नाहीतर जपून ठेवावं. तिला भीती वाटली तर तिच्यावर कुणी जबरदस्ती करू नये. भिण्यात पाप नाही, मी रोज भिते. बाहेर जीप थांबली म्हणून हे लिहितानासुद्धा दोनदा उठून बघून आले.

वकीलबाई सांगतात, दोन्ही नावांनी सही करा. करते.

ठिकाण : नारायणगाव. तारीख ९ मे २००४.

साक्षीदार :
१. भिमाजी सावळेराम खरात, फडाचे मॅनेजर
२. ॲड. शीला डोळस, जुन्नर
सही आम्हा दोघांच्या समोर केली. बाईंचा हात कापत होता. नाव वाचता येतं.

मृत्युपत्र करणार :
फुलाबाई बाजीराव रोकडे
जन्माचं नाव धुरपा