बाजूला काढलेले मासे

३ मार्च
आलं ते : दोन ट्रंका, शिलाईचं मशीन, देवाची पेटी, काचेच्या सहा बरण्या (एकही फुटली नाही). टेम्पोचे नव्वद. हमाली वाचली, यांनी आणि शेजारच्या पंपवाल्यानेच उतरवलं. मत्स्यतळ्यावर कायमची नोकरी, दोन खोल्या फुकट, दारात नळ. देवाने डोळे उघडले.

९ मार्च
शनिवारी बाजूला काढलेले मासे कामगारांना फुकट. तिरके पोहतात म्हणून बाजारात नेत नाहीत, एवढंच. हे म्हणाले, तिरका तर तुझा भाऊही चालतो. मी डोकीसुद्धा टाकत नाही. उरलेले मीठ लावून गच्चीवर वाळवते. लेकीला पाचवा लागलाय, डॉक्टरीणबाईंनी तिला मासे खायला सांगितलेत. तिथे परवडतात कुठे? पहिलं पार्सल टाकलं.

२० एप्रिल
चौथं पार्सल गेलं. लेक लिहिते, जावई नाक धरून घरात येतात, पण ती दोन्ही वेळा खाते.
जपाचे मणी बोटांना लागत नाहीत. ओठ बधिर. यांना शर्टाची बटणं लावता येईनात. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, मासे वाढवा. वाढवले.

८ मे
पंपवाल्याची बायको तिचा वाटा मागच्या खड्ड्यात पुरताना दिसली. खोदून विचारलं तेव्हा रडली. वरच्या कारखान्याचं सांडपाणी तळ्यात येतं, त्यात पारा आहे, तो माशांत उतरतो. तिला दिवस होते तेव्हा तीही हेच खात होती. मुलगी तीन वर्षांची झाली, अजून मान धरत नाही. मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, वहिनी, बोललं की खोली जाते. मी तुमच्या गच्चीकडे बघायचंच सोडलं होतं.

११ मे
लेकीला तार केली. उत्तर नाही.
यांना समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही. जिन्यावरून पडले. देवाचं नाव घेताना माझी जीभ लोळते —

१४ मे
उत्तर नाही. डाव्या हाताने उजवा धरून —
पोरी, ही वहीच पाठवतेय. वेगळं पत्र लिहिण्याइतका हात उरला नाही. राहिलेले मासे पुरून टाक. मांजरालाही नको. मीच पाठवले गं, माझ्या हाताने — खारवून —
पोटात फिरतंय ना? उलट टपाली एक ओळ तरी कळव, लाथा मारतंय, की